भिंतीवरचे आजोबा

भागीरथा लग्न होऊन चांद्याला आली ती एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत मामीनं दिलेली तीन लुगडी, एक पितळी तांब्या आणि कुंकवाचा करंडा, एवढंच. मामा सिंदेवाहीकडचा, धानाच्या चार बांध्या कसणारा साधा माणूस. त्यानं भाचीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि चांगलं घर पाहून उजवलं. पण तिच्या आईबापाचं म्हणून त्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. ती दीड वर्षाची असताना तिच्या गावात पटकीची साथ आली. आठ दिवसांत बाप गेला, आई गेली, आजी गेली. गावकऱ्यांनी घरातले कपडे, कांबळी अंगणात काढून जाळली, आणि भांडी कोणाकोणाकडे गेली ते पुढे कोणालाच धड सांगता येईना. बाप कसा दिसायचा असं लहानपणी विचारलं की मामा म्हणे, "चांगला होता, बाई. उंच होता." त्यापुढे त्याला काही सुचत नसे.

नवरा नानाजी जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होता. शहरकोटाच्या जटपुरा दरवाज्याच्या आत त्यांनी दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. पुढे ओसरी, मागे विहीर, आणि चुना दिलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंती. शेजारी वकिलांचं घर होतं. वकिलांची बायको अन्नपूर्णाबाई मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्या बैठकीत पाऊल टाकलं की भागीरथेला आपण फाटकं नेसून आलोत असं वाटे. तिथं पणजोबांची तलवार होती, सासूबाईंच्या सासूची चांदीची अत्तरदाणी होती, कोण्या आजेसासऱ्यानं काशीहून आणलेला गडू होता. अन्नपूर्णाबाई एकेका वस्तूवरून हात फिरवत तिची कुळकथा सांगत. मग जमलेल्या बायकाही आपापल्या घरचं काही ना काही सांगत. भागीरथा ऐकत बसे.

१९५३च्या संक्रांतीला तिनं आपल्या घरी पहिलं हळदीकुंकू केलं. बायका सतरंजीवर बसल्या, तिळगूळ झाला, आणि अन्नपूर्णाबाईंची नजर भिंतींवरून फिरली.

"भिंती अगदीच उघड्या ठेवल्या, भागीरथाबाई. माहेरचं काई मांडलं नाई काऊन?"

विचारण्यात टोमणा नव्हता. पण भागीरथेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मामाकडं हाये सारं," ती म्हणाली. "हळूहळू आणीन म्हणते."

तोंडातून गेलं ते गेलं. महिनाभर तिला वाटत राहिलं की कोणीतरी विचारेल, आणलं का म्हणून.

पुढच्याच महिन्यात ती कासाराकडे पातेलं घ्यायला गेली. दादाजी कासाराच्या दुकानात कोपऱ्यात मोडीचा ढीग असे. लोक फुटकी, चेमटलेली भांडी देऊन नवी नेत, आणि तो ढीग वितळवायला जाई. त्या ढिगात तिला एका समईचा मोर दिसला. तिनं ओढून काढली. पाच वातींपैकी एका वातीची चोच तुटलेली होती, बाकी समई जड, जुन्या घडणीची, हातात धरली की सोडू नये अशी.

"हे वितळवून टाकता तुमी?"

"मंग काय तिची पूजा करू?" दादाजी हसला. "वजनावर घेऊन जा."

घरी आणून तिनं चिंच आणि राख लावून दोन दिवस घासली. तुटलेली चोच भिंतीकडे वळवून कोनाड्यात ठेवली. खोलीचं रूपच पालटलं. नंतर पानदान आलं, मग घोड्याच्या आकाराचा अडकित्ता, मग एक घंगाळ. नानाजींनी डाकबंगल्यातून मोडीत काढलेली वेताची आरामखुर्ची आणली. तिनं स्वतः वेत भिजवून, विणून ती नीट केली. या कामात तिचा हात खरंच चांगला होता. कुठल्या वस्तूला कुठला उजेड लागतो, काय जमिनीवर शोभेल आणि काय कोनाड्यात, हे तिला न शिकवता कळे. पुढे पुढे वकिलीणबाईसुद्धा दिवाळीत तिला बोलावून बैठक लावून घेत.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण बायका विचारत, ही समई कोणाची, हे पानदान कोणाचं. समई आजीची झाली. पानदान आजीच्या सासूचं झालं. अडकित्ता चुलत आजोबांचा झाला, त्यांना विड्याचा शौक होता.

नानाजींनी एकदा विचारलं, "लोकायले काऊन सांगतं आजीची म्हणून?"

"मंग कोनाची सांगू?"

 तिला आजीचा चेहराही ठाऊक नव्हता, हे नानाजींना माहीत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

फोटो आला तो १९५४ साली. दरवाज्याजवळ सोमाजी फोटोवाल्याचं दुकान होतं. म्हातारपणी तो दुकान बंद करून वरोऱ्याला मुलाकडे जायला निघाला होता. नवराबायकोचा एक फोटो तिथं राहिला होता, तो आणायला भागीरथा गेली. सोमाजीनं एक खोकं पुढे ओढलं आणि त्यात शोधू लागला. खोक्यात शंभरेक फोटो होते.

"हे कोनाचे?"

"कोनी नेले नाई ते. मेले, विसरले, रस्ता चुकले. आता चुलीत घालतो."

त्यात तिला तो दिसला. काळा कोट, पांढरा फेटा, झुबकेदार मिशा. खुर्चीच्या हातावर डावा हात टेकवलेला, त्या हाताचं करंगळीजवळचं बोट वाकडं. माणूस फोटोवाल्याकडे बघत नव्हता, जरासा बाजूला बघत होता, कोणी लहान मूल तिकडून येत असावं आणि त्याला हसावंसं वाटत असावं तसा. भागीरथेनं तो हातात घेतला तो खाली ठेवला नाही.

फ्रेमवाल्यानं फोटो उलटा केला तेव्हा मागे शिसपेनीनं लिहिलेलं होतं: लटारू, मार्कंड्याची जत्रा. "हे राहू द्यायचं का, बाई?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "कागद चिकटवा वरून." त्यानं खाकी कागद चिकटवला.

आरामखुर्चीच्या वर तिनं फोटो लावला. संध्याकाळी नानाजी आले, टोपी काढून उभे राहिले.

"हे कोन?"

"आजोबा."

"कोनाचे?"

"माह्ये."

नानाजींनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग पाय धुवायला विहिरीवर गेले.

लोकांसाठी लावलेला फोटो हळूहळू तिच्या एकटीसाठीही झाला. मूलबाळ अजून नव्हतं, दुपार लांब असे. तांदूळ निवडताना ती त्याच्याशी बोले. आज वरणाची फोडणी जळली, आजोबा. आज ह्यायले डेपोतून येवाले उशीर हाये. पितृपक्षात तिनं त्याच्यासमोर पान वाढलं, सणासुदीला फोटोला हार घातला. बायकांना सांगायच्या गोष्टीही वाढत गेल्या. आजोबा सिंदेवाहीकडचे मालगुजार, गावाचे धनी होते. वाकडं बोट कसलं, तर वाघानं हात धरला होता आणि त्यांनी दुसऱ्या हातानं कुऱ्हाड चालवली होती. ही वाघाची गोष्ट बायकांना फार आवडे. नवी कोणी आली की अन्नपूर्णाबाई स्वतः म्हणत, "भागीरथाबाई, ते वाघाचं सांगा जी."

एकदा मामा आला. पोहे खात आरामखुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता, इतक्यात अन्नपूर्णाबाई आल्या. त्यांनी आदरानं नमस्कार केला आणि फोटोकडे हात करून विचारलं, "हे तुमचे वडील ना जी?"

मामानं मान वर केली. फोटोकडे पाहिलं. मग भाचीकडे पाहिलं. भागीरथा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"हो जी," मामा म्हणाला.

जाताना तो दारात थांबला. "माहा बाप ढोरकी होता, बाई," तो हळूच म्हणाला. "गावाचे ढोरं राखे. तुले त्यानं खांद्यावर घेऊन फिरवलं हाये. तू गेली इसरून, लहान होती. राहू दे." आणि छत्री काखेत मारून मोटारस्टँडकडे गेला. भागीरथेनं त्याला हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होती? ती आत आली आणि तिनं ताटलीतले उरलेले पोहे तिथंच उभं राहून खाऊन टाकले, कोणी बघू नये अशा घाईनं. तेव्हाच तिनं फोटो काढायला हवा होता. तिला तसं वाटलंही. पण दोन दिवसांनी मंगळागौरीच्या बायका येणार होत्या.

पुढे १९५७ची संक्रांत आली.

त्या दिवशी ओसरीपासून आतपर्यंत बायका बसल्या होत्या. दुपारी एक गोंड म्हातारी आणि तिचा मुलगा दारात आले. मुलगा जंगू, मूल गावाच्या पलीकडच्या जंगलातल्या कोसमटोल्याचा, ठेकेदाराची लाकडं गाडीनं डेपोत आणत असे. त्याच्या आईचे, बुधरीचे, डोळे अधू झाले होते. दवाखान्यात दाखवायला म्हणून तो तिला लाकडाच्या गाडीवर बसवून दोन दिवसांच्या वाटेनं घेऊन आला होता. दवाखान्यानं उद्या बोलावलं होतं. नानाजींनीच त्यांना सांगितलं होतं, गाडी रिकामी होईपर्यंत माह्या घरी बसा, पाणी प्या.

जंगू बाहेरच बैलांपाशी थांबला. बुधरी ओसरीच्या कडेला टेकली. तिनं पदरातून पळसाच्या पानांचा एक पुडा काढून भागीरथेच्या हातात दिला. "चारोळी हाये, बाई. तुह्यासाठी." भागीरथेनं तिला पाणी दिलं. तांब्या वर करून ती पीत होती आणि पिता पिता थांबली. ओसरीतून आतला फोटो समोर दिसत होता. म्हातारी उठली. उंबऱ्यापर्यंत आली, डोळ्यांवर हात धरला, मग एक पाऊल आत टाकलं. बायका बाजूला सरकल्या.

"लटारू," ती म्हणाली.

भागीरथेच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला.

"हा लटारू इथी कसा आला?" बुधरी तिच्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "बाई, हा माहा माणूस हाये. हार कोनी घातला याले?"

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "म्हातारे, ते भागीरथाबाईचे आजोबा हायेत."

"नाई. बोट पाह्य ना त्याचं. सागाच्या ओंडक्याखाली सापडलं होतं ते. मीनं हळद भरली होती."

सगळ्या बायका भागीरथेकडे पाहू लागल्या. तो क्षण तिला पुढे जन्मभर आठवत राहिला, कारण त्या क्षणी दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. तिनं तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं.

"वाघानं धरलं होतं ते बोट," ती म्हणाली. "हे माह्ये आजोबा हायेत, बाई. तुमची चूक होऊन राह्यली."

बुधरी तिच्याकडे बघत राहिली. ढगाळलेले डोळे, पण त्यांनी तिला नीट पाहिलं. फार वेळ नाही, पाणी पिण्याइतकाच. मग म्हातारी म्हणाली, "असंन, बाई. माह्ये डोळेच खराब हायेत." तिनं फोटोकडे आणखी एकदा पाहिलं, वळली, आणि जंगूच्या हाताला धरून पायऱ्या उतरली.

"बिच्चारी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तिले चष्मा लागला पायजे." कोणीतरी हसलं. मग दोघी-तिघी हसल्या. भागीरथाही हसली. आपलं ते हसू तिला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं.

बायका गेल्यावर तिनं चारोळीचा पुडा उघडला. एकेक दाणा सोलून, निवडून आणलेली चारोळी होती. म्हातारीच्या अधू डोळ्यांना त्याला किती दिवस लागले असतील, हा विचार मनात आला आणि तिनं पुडा पुन्हा बांधला. ती चारोळी तिनं कधी खाल्ली नाही, टाकलीही नाही. शेवटी मुंग्यांनी नेली.

नानाजी संध्याकाळी आले तेच गंभीर चेहऱ्यानं. "जंगू विचारून राह्यला होता. त्याची माय म्हणते, साहेबाच्या घरी बाबाचा फोटो हाये. तू काय म्हणाली तिले?"

"नाई म्हणाली."

"तिच्या तोंडावर?"

"हो."

नानाजी कधी तिला रागावले नव्हते, त्या दिवशीही रागावले नाहीत. त्यांनी खुर्चीवर चढून फोटो काढला, उलटा केला, आणि खाकी कागदाच्या एका कोपऱ्याला नख लावलं. कागद निघाला. त्यांनी मागचं नाव वाचलं आणि फोटो तिच्या मांडीवर ठेवला. "तुले मालूम होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन दवाखान्यात गेली. डोळे दाखवून मायलेक सकाळीच परतीला लागले होते.

"पुढच्या खेपेले जंगू येईन तं त्याच्याच हाती देऊ," नानाजी म्हणाले. तिला ते ऐकून हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच लाज वाटली. जंगू फाल्गुनात आला. तिनं फोटो लुगड्यात गुंडाळून त्याच्यासमोर नेलाही, पण हात पुढे होईना. "जंगूभाऊ, मी येते तुह्या गावाले," ती म्हणाली. "तुह्या मायले नाई म्हणाली ते मीच. द्यायले बी मीच पायजे."

नानाजींनी दोन दिवसांची रजा काढली. मूल गावापर्यंत मोटार, पुढे जंगूच्या रिकाम्या गाडीत. मोहाची फुलं पडायला लागली होती, वाटेनं बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या दिसत. भागीरथा फोटो छातीशी धरून बसली होती. म्हातारी काय बोलेल याचे सगळे प्रकार ती मनात करून पाहत होती. शिव्या देईल. दारातून हाकलेल. गावासमोर उभं करील. यातलं काहीही झालं तरी चालेल असं तिला वाटत होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक वेडी आशाही होती, ती तिनं नानाजींना सांगितली नाही: म्हातारी म्हणेल, राहू दे तुह्याकडंच, बाई.

बुधरी अंगणात मोहाची फुलं पसरत होती. भागीरथेनं फोटो पुढे केला. म्हातारीनं हात लुगड्याला पुसले, फोटो घेतला आणि उन्हाकडे धरून डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"कोट त्याचा नाई," ती म्हणाली. "फेटा बी नाई. फोटोवाल्यानं घालाले देल्ला होता. मी म्हणलं, दुसऱ्याचे कपडे काऊन घालतं? तं म्हणे, एक दिवस पाटलावानी दिसतो ना." ती जराशी हसली. "मी तिकडं जत्रेतून जिलेबी घेऊन येत होती. मलेच पाहून राह्यला होता."

भागीरथेला त्या बाजूच्या नजरेचा अर्थ आत्ता कळला. तीन वर्षं ती नजर तिनं आपली मानली होती.

बुधरी सांगत राहिली. फोटोवाल्यानं महिन्याभरानं चांद्याला ये म्हटलं होतं. पण पावसाळ्याच्या आधीच लटारूला ताप आला आणि तो गेला. गावातले लोक म्हणाले, फोटूनंच नेला त्याले. जंगू एकदा चांद्याला जाऊन आला, पण दुकान सापडलं नाही. "सात वरीस झाले. त्याचं तोंड मले दिसेनासं झालं होतं. डोळे मिटले तरी दिसे नाई."

"बुधरीबाई," भागीरथा म्हणाली, "मी त्या दिवशी खोटं बोलली. सगळ्यायदेखत. मागं नाव लिहिलं होतं, ते मीनंच झाकलं होतं."

"मले मालूम होतं."

"मंग तुमी काऊन नाई बोलल्या?"

 म्हातारीनं फोटोवरची धूळ पदरानं पुसली. "तुह्या घरात एवढ्या मोठ्या घरच्या बाया होत्या. तू म्हणाली, माहा आजोबा. आमच्या माणसाले चांद्यात कोनी आजोबा म्हणते काय? मले वाटलं, म्हणते तं म्हणू दे." मग तिनं मान वर केली. "पण वाघाचं काऊन सांगितलं? ओंडका ओढता ओढता बोट गेलं त्याचं. ते काय कमी होतं?"

 भागीरथा तिथंच मोहाच्या फुलांशेजारी खाली बसली आणि रडली. बुधरीनं तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, उठवलंही नाही. रडणं थांबल्यावर पाणी आणून दिलं. फोटो तिनं घरात नेला आणि मधल्या खांबाला टांगला. राहू दे तुह्याकडंच, असं ती म्हणाली नाही. परतताना भागीरथेला कळलं की आपण निघेपर्यंत त्या वाक्याची वाट पाहत होतो, आणि तिनं गाडीत डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

इतकं झाल्यावर माणूस सुधारतो असं आपल्याला वाटतं. भागीरथा घरी आली, आणि चौथ्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "आजोबा कुठी गेले?" भिंतीवर जिथं फोटो होता तिथला चुना बाकीपेक्षा पांढरा दिसत होता.

"वाळवी लागली होती फ्रेमले," भागीरथा म्हणाली. "मामाकडं पाठवला."

इतक्या सहज निघालं ते तोंडातून. मागच्या खोलीत नानाजी जेवत होते, त्यांचा घास क्षणभर थांबल्याचं तिला जाणवलं.  वर्ष असंच गेलं. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू तिनं केलं नाही, पाय मुरगळला असं सांगितलं. समई, पानदान पुसताना आता तिला वीट येई. सिंदेवाहीला मात्र ती एकदा जाऊन आली. मामाजवळ बसली आणि म्हणाली, "मामाजी, आजोबा ढोरं राखत होते, त्यायचं सांगा." मामानं तिच्याकडे पाहिलं, तंबाखू मळली, आणि बराच वेळ सांगत राहिला. कोणती गाय हाकेला येई, पाऊस आला की ते कसे घोंगडी दुसऱ्याला देत. बोलता बोलता तो थांबला नि म्हणाला, "हे तू आंधी विचारलं असतं तं…" 

१९५८च्या हिवाळ्यात एका सकाळी जंगू दारात आला. डोक्याचे केस काढलेले. भागीरथेला न सांगता कळलं.

"माय गेली, बाई. शनिवारी कार्य हाये. तिनं सांगितलं होतं, चांद्याच्या बाईले सांगजो."

तो नेहमीप्रमाणे ओसरीच्या कडेला बसला होता. भागीरथा म्हणाली, "आत ये, भाऊ." तो संकोचला. तिनं पुन्हा म्हटलं. मग तो आत आला आणि सतरंजीवर बसला. तिनं चहा टाकला. कप-बशी आणून त्याच्यासमोर ठेवत होती, तेवढ्यात मागच्या दारानं अन्नपूर्णाबाई आल्या, हातात लोणच्याची वाटी. बैठकीत गोंड माणूस कपबशीनं चहा पितो आहे हे पाहून त्या दारातच थबकल्या.

"हे कोन?"

डेपोतला गडी, म्हटलं असतं तर भागलं असतं. शब्द ओठांवर तयार होता. भागीरथेनं दोन्ही हात एकमेकांत धरले.

"हा जंगू. माह्या घरी जो फोटो होता ना, तो याच्या बापाचा. लटारू त्यायचं नाव. माह्ये कोनी नोहत ते. सोमाजी फोटोवाल्याकडून मी आणला होता." ती बोलत राहिली. "त्या संक्रांतीले म्हातारी आली होती ना, ते खरं बोलून राह्यली होती. मी खोटी होती. समई बी आजीची नाई, मोडीतली हाये. माहा आजोबा ढोरकी होता."

 अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "पितरायचं पान वाढलं तुमी त्याले. गोंडाले." आणि हसल्या, अगदी थोडं. जंगू खाली मान घालून बशीतला चहा बघत होता.

भागीरथेला वाटलं होतं की सांगून टाकलं म्हणजे आपली लाज सरेल. त्या हसण्यानं तिला उमगलं की आपण लाज वाटून घ्यायला आधीपासूनच चुकीची जागा निवडली होती. "हो, वाढलं," ती म्हणाली. "त्यायनं ते घेतलं असंन तं त्यायचे उपकार."

अन्नपूर्णाबाईंनी लोणच्याची वाटी खाली ठेवली नाही. ती घेऊनच त्या परत गेल्या. पुढचे सात-आठ महिने दोन घरांमधलं जाणंयेणं बंद होतं. गोष्ट गल्लीभर झाली. विहिरीवर बायका गप्प होत, एकदोघींनी तोंडावर विचारलं, वाघ कुठी गेला म्हणून. ती खाली बघून घागर भरी. पुढे अन्नपूर्णाबाईंची लेक बाळंतपणाला आली, तेव्हा त्यांनी भागीरथेला हाक मारली आणि तीही गेली. पण बैठक लावून द्यायला तिला त्यांनी परत कधी बोलावलं नाही, आणि घरच्या वस्तूंच्या गोष्टीही तिच्यासमोर पुन्हा सांगितल्या नाहीत.

त्या शनिवारी, बुधरीच्या कार्याला, ती आणि नानाजी कोसमटोल्याला गेले. अंगणात गावच्या बायका जेवणाच्या पत्रावळींसाठी पळसाची पानं टाचत बसल्या होत्या. एकीनं जंगूला विचारलं, ही कोण म्हणून.

"चांद्याची बाई," जंगू म्हणाला. "बाबाचा फोटो आणून देल्ला तिनं."

"नेला होता बी मीच," भागीरथा म्हणाली.

बायकांना ते नीट समजलं नसावं. एकीनं तिच्यासाठी जागा करून दिली आणि पानांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. भागीरथेला पानं टाचता येत नव्हती. पहिलं पान तिचं फाटलं. शेजारच्या बाईनं तिच्या हातातून काडी घेतली, कशी धरायची ते दाखवलं, आणि ती परत तिच्या हातात दिली.